अ‍ॅक्युपंक्चर : प्रजनन व संप्रेरकांच्या आरोग्यासाठी पूरक उपचार

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व आणि रजोनिवृत्तीचा त्रास यांवर मूळ औषधोपचाराच्या जोडीने करण्याचा, चिनी परंपरेतून आलेला उपचार.

चिनी वैद्यकानुसार 'ची' ही प्राणशक्ती शरीरातील मार्गांनी वाहते आणि ती अडली की आजार उद्भवतो. या मार्गांवर 361 मुख्य बिंदू मानले जातात. स्त्रियांच्या तक्रारींत पुन्हापुन्हा वापरला जाणारा 'सानयिनजियाओ' हा बिंदू मात्र गर्भाशयापासून लांब, पायावर आहे. घोट्याच्या आतल्या हाडावर चार बोटे आडवी ठेवली की वरच्या बोटाच्या कडेला, नडगीच्या हाडामागे तो सापडतो. बोटे रुग्णाचीच मोजायची, उपचारकाची नव्हेत. सुई लागली की टोचण्यापेक्षा जडपणा, मुंग्या किंवा बोथट ठणका जाणवतो. सुया साधारण 20 ते 30 मिनिटे ठेवतात.

सुईमुळे मज्जातंतू उत्तेजित होतात, एंडॉर्फिन (शरीराचे स्वतःचे वेदनाशामक द्रव्य) स्रवते आणि त्याचा परिणाम मेंदूतून अंडाशयाला जाणाऱ्या संप्रेरकांच्या संदेशांवर होतो, असे आधुनिक स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे आहे. पण त्यामुळे मूल होण्याची शक्यता वाढते का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर चाचण्यांतूनच मिळते.

2002 मध्ये जर्मनीत आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) घेणाऱ्या 160 स्त्रियांवर झालेल्या चाचणीने मोठी आशा निर्माण केली. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी व नंतर 25 मिनिटे सुया लावलेल्यांपैकी 42.5 टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, इतरांत 26.3 टक्के. पण या इतर स्त्रियांना खोटीसुद्धा सुई लावलेली नव्हती. त्यामुळे गुण सुईचा की कोणीतरी जवळ बसून काळजी घेण्याचा, हे ठरवता येईना. यासाठी खोटी सुई उपयोगी पडते. तिचे टोक बोथट असते आणि दाबल्यावर ती मुठीत सरकते. कातडीला टोक लागते, पण सुई आत जात नाही. रुग्णाला मात्र ती गेल्यासारखीच वाटते.

अशा सुईशी तुलना करून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये 848 स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 2018 मध्ये आला: खऱ्या सुईने 18.3 टक्के आणि खोटीने 17.8 टक्के स्त्रियांना मूल झाले. चीनमध्ये पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे अंडे नियमित न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असलेल्या 1000 स्त्रियांच्या चाचणीतही (2017) खऱ्या व केवळ तुलनेसाठी लावलेल्या सुयांत फरक दिसला नाही. क्लोमिफीन या अंडे सुटण्यासाठी द्यायच्या गोळ्यांनी मात्र मूल होण्याचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवरून जवळपास 29 टक्क्यांवर गेले. म्हणून केवळ सुयांच्या भरवशावर गोळ्या थांबवणे धोक्याचे आहे. वाढत्या वयात वर्ष वाया जाणे ही छोटी गोष्ट नव्हे.

रजोनिवृत्तीत अंगातून निघणाऱ्या गरम वाफांवरही खऱ्या-खोट्या सुयांनी जवळपास सारखाच आराम पडल्याचे दिसले आहे. पाळीच्या वेदना काहीही न करण्यापेक्षा सुयांनी कमी होतात, खोट्या सुईच्या तुलनेतील पुरावा मात्र कच्चा आहे. तरी हा आराम नाकारण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे तपासण्या आणि इंजेक्शने सोसणाऱ्या स्त्रीला अर्धा तास शांत पडून राहायला मिळणे, ही तिच्या लेखी मोठी गोष्ट असते.

प्रशिक्षित हातून, एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी केल्यास धोका कमी असतो. थोडे रक्त, काळानिळा डाग किंवा चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी सांगावीत. गर्भारपणात सानयिनजियाओ परंपरेनेच टाळला जातो, त्यामुळे गर्भ राहिल्याची शंका असली तरी ते सुई लावण्यापूर्वी उपचारकाला सांगावे लागते.