तोच की तसाच?

लंबूची मान उसवली त्या दिवशी नातू रडला नाही. सशाला दोन्ही हातांवर आडवं घेऊन तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मानेपाशी बोटभर फट पडली होती आणि आतला पिवळट कापूस बाहेर डोकावत होता. "आजी, तू नीट करून आणशील?" मी म्हटलं, "आणीन की. अगदी तसाच करून आणीन." त्यावर तो लगेच म्हणाला, "तसाच नको. तोच."

तसाच म्हणजे दिसायला सारखा. तोच म्हणजे काल रात्री माझ्या कुशीत होता तो. चार वर्षांच्या मुलाला हा फरक कोणी शिकवलेला नसतो, तरी तो त्याच्या मनात पक्का असतो. मानसशास्त्रज्ञांनी तो तपासूनही पाहिला आहे. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मुलांना दोन पेट्यांचं एक यंत्र दाखवलं. एका पेटीत वस्तू ठेवली की दुसरीत तिची हुबेहूब प्रत तयार होते, असं त्यांना भासवलं. साध्या खेळण्याची प्रत घ्यायला बरीच मुलं आनंदाने तयार झाली. पण रोज कुशीत घेऊन झोपायचं खेळणं आणलेल्या मुलांपैकी काहींनी ते यंत्रात ठेवूच दिलं नाही, आणि ज्यांनी ठेवू दिलं त्यांतल्या बहुतेकांनी मूळचंच परत मागितलं.

मोठेपणी हे सुटतं असंही नाही. हूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रौढांना त्यांच्या लहानपणच्या लाडक्या वस्तूच्या फोटोचे कात्रीने तुकडे करायला सांगितले आणि त्या वेळी त्यांच्या हाताला किती घाम फुटतो ते विद्युत उपकरणाने मोजलं. फोटो म्हणजे वस्तू नव्हे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही इतर वस्तूंचे फोटो कापताना झाली त्यापेक्षा त्यांच्या त्वचेची प्रतिक्रिया तीव्र होती.

या वस्तूंकडे शास्त्राचं लक्ष वेधलं ते ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी. १९५१ साली त्यांनी यावर एक निबंध वाचला आणि १९५३ साली तो छापून आला. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या जागेतली ही वस्तू आहे, असं त्यांनी मांडलं. प्रत्येकच मुलाला अशी वस्तू लागते असं नाही, आणि न लागण्यात काही वावगंही नाही. त्या निबंधातलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. ही वस्तू बदलता कामा नये, बदल करायचाच तर तो मुलाने स्वतः केलेला असावा, असं ते सांगतात. ती मळली, वास मारू लागली तरी आई ती धूत नाही, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवाची सलगता तुटेल हे तिला कळतं.

मी आयुष्यभर वस्त्रतंत्रज्ञान शिकवलं. लंबूकडे पाहताना मला आधी कापड दिसलं आणि मग ससा. पण तो परत 'तोच' यायचा असेल, तर नातू त्याला नेमका कशावरून ओळखतो ते आधी समजून घ्यायला हवं होतं.

डोळ्यांनी तर तो फारसा ओळखत नाही. अंधारात, झोपेच्या तोंडावर त्याची बोटं लंबूचा डावा कान शोधतात आणि त्या कानाचं टोक तो गालावरून नाकाकडे फिरवतो. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. साधारण दहा सेंटिमीटरचं अंतर, दोन सेकंद. म्हणजे सेकंदाला ५ सेंटिमीटर. आपल्या लव असलेल्या त्वचेत, चेहऱ्यावरही, काही बारीक चेतातंतू असे असतात की ते हळुवार कुरवाळण्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि त्यांचा आवडता वेग सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर असतो. आई बाळाच्या अंगावरून हात फिरवते तोही याच वेगाने. माझ्या नातवाने तो वेग स्वतःचा स्वतः शोधून काढला होता. त्या डाव्या कानाची लव केव्हाच झिजली आहे, खालची विणलेली जाळी बोटांना लागते. नवा मऊ कान लावला असता तर दिसायला छान झालं असतं, आणि लंबू गेला असता.

दुसरी ओळख वासाची. डोळ्यांचा, कानांचा संदेश मेंदूत थॅलॅमस नावाच्या टप्प्यावरून पुढे जातो. वासाचा संदेश मात्र त्या टप्प्यावर न थांबता भावना आणि आठवणींशी निगडित भागांत थेट पोचतो. लंबू पॉलिएस्टरचा. हा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, पण त्वचेवरचं तेल घट्ट धरून ठेवतो. सुती कापडातून सहज निघून जाणारे वास पॉलिएस्टरमध्ये रेंगाळतात. खेळाडूंच्या कपड्यांची ही तक्रार नेहमीची आहे. लंबूच्या बाबतीत हाच दोष गुण ठरला होता, कारण तीन वर्षांची लाळ, घाम आणि डोक्याचं तेल त्याच्या अंगात मुरलं होतं.

अर्थात त्या अंगात धुळीतले माइटही असणार. हे जीव पाव ते तृतीयांश मिलिमीटरचे, आणि ॲलर्जीला कारण होतात ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं. खेळणं पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दिवस-दोन दिवस ठेवलं तर माइट मरतात, पण प्रथिनं तशीच राहतात, ती धुवूनच जातात. म्हणजे धुणं टळत नव्हतं. मग मी क्रम बदलला. दुरुस्तीला देण्याच्या आठवडाभर आधी, उसवलेली मान चार कच्चे टाके घालून बंद केली आणि लंबूला कोमट पाण्यात हाताने धुतलं. नातू बादलीत हात घालून सोबत बसला होता. वाळल्यावर पुन्हा सात रात्री त्याच्या कुशीत. वास परत जमायला लागला, आणि मगच आम्ही सुईकडे वळलो.

इथे एक सूचना, कारण बरीच खेळणी याच चुकीने वाया जातात. अशा खेळण्याला गरम ड्रायर किंवा इस्त्री लावू नका. पॉलिएस्टर वितळतं २५०-२६० अंश सेल्सिअसच्या आसपास, पण ७०-८० अंशांनाच त्याचे रेणू सैल होतात. त्या वेळी लव ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, थंड झाल्यावर, ती कायमची बसते. दबलेली लव मग कितीही विंचरली तरी उभी राहत नाही.

आता मान. ती का उसवते? मुलं खेळण्याला मानेला किंवा कानाला धरून उचलतात, त्यामुळे सगळ्या धडाचं ओझं मानेच्या अरुंद शिवणीवर येतं. आतला कापूस म्हणजे पॉलिएस्टरचे नागमोडी तंतू. प्रत्येक वळण ही एक छोटी स्प्रिंग. हजारो वेळा दाबलं गेलं की वळणं सरळ होत जातात, तंतू एकमेकांत अडकून गोळे होतात आणि मान पोकळ पडते. मग डोकं लटकतं, शिवणीला हिसके बसू लागतात. एक टाका तुटला की त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या टाक्यावर जातो, तो तुटला की त्याच्या शेजारच्यावर. म्हणून फट दोन महिने तेवढीच दिसते आणि एका दुपारी बोटभर होते.

शास्त्र मला येतं, चार कच्चे टाकेही जमतात, पण बारीक शिवणीला आता नजर साथ देत नाही. म्हणून शिवणकामात हात मुरलेल्या एका ताईंकडे लंबूला नेलं, नातवासकट. त्यांनी मान उघडली, कापसाचे गोळे बाहेर काढले आणि नवा कापूस हातात घेतला. नातवाचा चेहरा बघून मी म्हटलं, "ताई, जुना टाकू नका." त्यांनी तो बोटांनी पिंजला, पोटात परत भरला आणि नवा फक्त मानेत ठासला. विरलेल्या कापडाला आतून सुती अस्तराची पट्टी लावली. दोरा त्यांनी मजबूत नायलॉनचा न घेता साधा घेतला. हे अगदी बरोबर होतं. दोरा कापडापेक्षा थोडा अशक्त असावा, म्हणजे पुन्हा हिसका बसला तर दोरा तुटतो, कापड फाटत नाही. दोरा परत घालता येतो.

टाका त्यांनी शिडीच्या पायऱ्यांसारखा घातला. एकदा या काठाच्या घडीत, एकदा समोरच्या काठाच्या घडीत. सात-आठ टाके सैल ठेवून दोरा ओढला आणि फट मिटली, दोरा दिसेनासा झाला. नातू आ वासून बघत राहिला. ही शिवण धरून ठेवते ती शेवटच्या गाठीपेक्षाही घर्षणाच्या जोरावर. धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूस जहाज रोखून धरतो, तेच तत्त्व. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने पकड सुमारे साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून जास्त. दर वेढ्याला बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शिवणीत दोरा प्रत्येक टाक्याला दोनदा वळतो, त्यामुळे पुढच्या टाक्यांवरचा ताण मागे गाठीपर्यंत पोचेतो नाममात्र उरतो.

लंबूचा एक डोळाही हलत होता. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणाचा डोळा लावू नये. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती अशा मुलांसाठी धोक्याची, असं खेळण्यांच्या सुरक्षेचे नियम मानतात. आमच्याकडे धाकटी नात आहे. मी भरतकामाचा डोळा सुचवला, आणि दोऱ्याचा रंग नातवाने निवडला. जुना डोळा काळा होता, त्याने निळा मागितला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. लंबूत बदल करायचा हक्क त्याचाच होता.

घरी आल्यावर त्याने निळ्या डोळ्याकडे बघितलंही नाही. आधी नाक लंबूच्या पोटात खुपसलं, मग डावा कान गालावरून फिरवला, मग मानेवरून बोट नेत शिवण शोधली. "कडक आहे," म्हणाला. नव्या कापसाच्या स्प्रिंगा अजून ताज्या होत्या, डोकं ताठ उभं राहत होतं, पूर्वीसारखं त्याच्या खांद्यावर कलत नव्हतं. पहिल्या तीन-चार रात्री झोपण्यापूर्वी तो ती मान मुठीत धरून दाबत राहायचा. आज पाच आठवडे झाले. मान डावीकडे किंचित झुकू लागली आहे.