कोल्हापुरातला सोनेरी तास अर्ध्या तासाचाच का?

मेच्या सुट्टीत भाचा, सूनबाई आणि त्यांची पाच वर्षांची लेक मुंबईहून आली. पहिल्याच संध्याकाळी तिघं रंकाळा तलावावर गेली आणि भाचा खट्टू होऊन परतला. "मामा, सूर्यास्ताआधीचा एक तास फोटोसाठी सोनेरी असतो, असं सगळीकडे वाचलंय. म्हणून सहालाच पोचलो. ऊन पांढरंच होतं. भेळ खाल्ली, पोरीला घोड्यावरनं फिरवून आणलं, आणि बघतोय तर सूर्य बुडालेला!"

त्यानं वाचलं ते खोटं नव्हतं. फक्त ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्या गावचं ते खरं होतं.

आधी रंगाचं थोडक्यात. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घातानुसार बदलतं, त्यामुळे निळा तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरला जातो. सूर्य डोक्यावर असताना किरणांना हवेचा एकच थर ओलांडावा लागतो. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आला की हाच प्रवास जवळपास नऊपट होतो, आणि क्षितिजाला टेकताना अडतीसपट. एवढ्या वाटेत निळा गळून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा, नारिंगी पोचतो. म्हणून फोटोवाल्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचे ते शेवटचे ६ अंश. ते उतरायला सूर्याला किती वेळ लागतो, यावर सोनेरी उजेड किती टिकणार हे ठरतं. माझा सगळा जीव आहे तो या प्रश्नात.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. हा वेग सगळीकडे सारखाच. पण तो सरळ खाली उतरत नाही, तिरका उतरतो. जिन्यावरून उतरणं आणि घाटातून उतरणं यांत जो फरक, तोच इथं. विषुववृत्तावर २१ मार्चला सूर्य क्षितिजाला काटकोनात भिडतो, दगड विहिरीत पडावा तसा. जसजसं उत्तरेला जावं, तसतशी त्याची वाट आडवी होत जाते. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, खाली उतरण्याचा वेग काढायचा तर १५ ला त्या गावच्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, त्याचा कोसाइन ०.९६, म्हणून तासाला १४.४ अंश. लंडनचा अक्षांश ५१.५, कोसाइन ०.६२, म्हणून ९.३ अंश. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे वाट आणखी तिरपी होते. मेच्या मध्याला आपला वेग साधारण १३.६ होतो, तर जूनमध्ये लंडनचा तासाला सव्वासात अंशांच्या आसपास येतो.

आता भागाकार करा. सूर्याचं बिंब पूर्ण बुडेपर्यंतचा वेळ धरला, तर लंडनच्या जूनमध्ये ते सोनेरी ऊन जवळपास ५५ मिनिटं टिकतं. कोल्हापुरात मेमध्ये जेमतेम अर्धा तास! बिंब क्षितिजाला टेकल्यापासून नाहीसं होईपर्यंत तर अडीच मिनिटंही लागत नाहीत. आणि बिंब टेकलेलं दिसतं, तेव्हा ते खरं तर क्षितिजाखाली गेलेलं असतं. हवेतल्या वक्रीभवनामुळे सुमारे अर्धा अंश उचललेलं आपण बघत असतो.

हे मोजायला ॲप लागत नाही. हात पुढे ताठ धरा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. मेमध्ये सूर्य क्षितिजावर एक मूठ असेल, तर सूर्यास्ताला पाऊण तास आहे. मधली तीन बोटं म्हणजे ५ अंश. सूर्य तीन बोटांवर आला की बाकी सगळं सोडून कॅमेरा हातात घ्यायचा. (सूर्याकडे टक लावून बघू नका, बोटांनी बिंब झाका.) मेच्या मध्याला कोल्हापूरचा सूर्यास्त सातला चार-पाच मिनिटं कमी असताना होतो, म्हणजे ही वेळ साडेसहाची.

दुपारी साडेबाराला पन्हाळ्यावर काढलेले फोटो का फसतात, तेही याच अक्षांशात दडलंय. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य कोल्हापूरच्या बरोबर माथ्यावर येतो आणि शून्य सावली पडते. उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते, पण भुवयांची डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. महागडा फोनही ती खोबण भरून काढत नाही. त्या वेळी तीन दरवाजाच्या कमानीत, सावलीच्या कडेला माणसं उभी करावीत.

सूर्य मावळण्याची जागाही वर्षभर एक राहत नाही. जून ते डिसेंबर ती क्षितिजावर सुमारे ४९ अंश सरकते, म्हणजे जवळपास पाच मुठी. दिवाळीत रंकाळ्याच्या चौपाटीवर ज्या जागी उभं राहून तळ्यात सूर्याचा पट्टा पकडला, तिथं मेमध्ये तो मिळणार नाही. हे सरकणं अंबाबाईच्या देवळानं दगडात धरून ठेवलंय. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी असे किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीचे किरण थेट देवीच्या मूर्तीवर पडण्याचे दिवस. २१ डिसेंबरपासून मागं आणि पुढं मोजा, दोन्हीकडे साधारण ४१ दिवस येतात. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो आणि दिवसाला पाव अंशाहून थोडं जास्त सरकतो. किरण पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर पडतात, असं परंपरेनं सांगतात. दरवर्षी त्या दिवसांत 'विज्ञानालाही न उलगडलेलं रहस्य' असे निरोप मोबाईलवर फिरतात, तेव्हा मला वाईट वाटतं. हे रहस्य उलगडूनच तर ते देऊळ बांधलंय. ज्यांनी वर्षानुवर्षं सूर्यास्त बघून ती दिशा ठरवली, त्या माणसांचं श्रेय आपण का काढून घ्यायचं?

फोनबद्दल एकच सांगतो. त्याचं आपोआप चालणारं व्हाइट बॅलन्स सोनेरी उजेडाला बिघाड समजतं आणि पांढरं करून टाकतं. सेटिंगमध्ये 'क्लाउडी' किंवा ढगाचं चिन्ह निवडा, रंग टिकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव कोसळला. वळवानं धूळ खाली बसते. धुळीचे मोठे कण सगळे रंग सारखेच विखुरतात आणि सूर्यास्त मळकट करतात, म्हणून पावसानंतरची संध्याकाळ सोडू नये. भाच्याला म्हटलं, "चल, आज भेळ सातनंतर." साडेसहाला त्यानं तीन बोटं धरली. सूर्य बरोबर त्यांच्यामागं. घाटाच्या ओल्या फरशीवर साडेतीन फुटी पोरीची सावली चाळीसेक फूट लांब पडली होती, आणि आपलंच डोकं एवढं लांब कसं गेलं हे बघायला ती सावलीवरून पळत सुटली. भाच्यानं तोच फोटो घेतला.