स्थानक-इमारतीतील फूड हॉल

रेल्वे, ट्राम किंवा फेरीबोटीसाठी बांधलेली जुनी इमारत जतन करून तिच्यात अनेक छोट्या खाद्यविक्रेत्यांना एका छपराखाली जागा देण्याची ही पद्धत. मॉलच्या फूड कोर्टात साखळी ब्रँडांचा भरणा असतो; इथे गाळे स्थानिक स्वयंपाक्यांना मिळावेत आणि मूळ वास्तू दिसत राहावी, अशी अपेक्षा असते. ती पाळली जातेच असे नाही.

सान फ्रान्सिस्कोची फेरी बिल्डिंग (१८९८) हे बहुचर्चित उदाहरण. १९३६-३७ मध्ये तिथे दोन मोठे पूल झाले आणि बोटींचे प्रवासी आटले. पुढे आत कार्यालये थाटली गेली, समोर दुमजली उन्नत रस्ता आला. १९८९च्या भूकंपात तो रस्ता निकामी झाला. तो पाडल्यावर इमारत पुन्हा शहराच्या नजरेस पडली. २००३ मध्ये तळमजल्यावर खाद्यबाजार सुरू झाला. बोटी आजही तिथूनच सुटतात. ॲमस्टरडॅममध्ये जुन्या ट्राम डेपोत २०१४ पासून ‘फूडहालेन’ चालते.

नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये आली. मुख्य स्थानकाची सावनेरच्या वालुकाश्मातली आजची इमारत १९२५ची आहे आणि ती रोजच्या वापरात आहे, तेव्हा ती रिकामी करण्याचा प्रश्नच नाही. रेल्वेने इथे सोपी वाट धरली : वास्तूला हात न लावता आवारात जुन्या डब्याचे उपाहारगृह केले. या पद्धतीला खरा वाव नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या जुन्या मार्गांवरील स्थानकांत दिसतो. छिंदवाडा मार्ग २०१५ मध्ये आणि नागभीड मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. नागभीडच्या वाटेवर उमरेड आणि मिरचीसाठी नावाजलेले भिवापूर लागते. अशा छोट्या स्थानकांत दोन-चारच गाळे बसतील, पण गावाला तेवढे पुरतात.

नागपुरी जेवणाच्या बाबतीत खरी अडचण धुराची. सावजी रश्श्याचा मसाला भरपूर तेलात परततात, आणि वालुकाश्म सच्छिद्र असतो. तेलकट काजळी त्यात मुरली की धुऊन निघत नाही आणि वाळूचा मारा केला तर दगडच झिजतो. म्हणून फोडणी-तळणीचे स्वयंपाकघर मागे वेगळ्या शेडमध्ये न्यावे आणि दालनात फक्त वाढावे, हा मार्ग सर्वांत सुरक्षित. तर्री पोहे, संत्रा बर्फी यांना तेवढी तजवीज लागत नाही. पाटवडी रस्सा आणि सांभारवडी मात्र मागच्या शेडमधूनच आलेली बरी. धुराड्यासाठी जुन्या भिंती फोडण्याऐवजी आहेत ते झरोके वापरता येतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जाड भिंती आणि उंच छत उपयोगी पडतात. एसीसाठी कमानींना काच लावली की वास्तूची रयाच जाते.

भाड्याचा मुद्दा राहतो. ठेल्यावर पोहे विकणाऱ्याला मोठी अनामत परवडत नाही. भाडे विक्रीच्या टक्केवारीवर ठरवले, तरच तो आत येतो.