मूक ख्रिस्तपटांतला रंग : ‘हाताने रंगवलेला’ म्हणजे नेमका कसा?

प्रभूच्या दुःखसहनावरच्या फ्रेंच मूकपटांच्या वर्णनात ‘हाताने रंगवलेला’ हे शब्द हमखास येतात. चार निरनिराळ्या कामांना ते सरसकट लावले जातात आणि त्यांतले सर्वांत कष्टाचे काम त्यामुळेच झाकले जाते.

खरोखर हाताने रंगवणे ही मुख्यतः १८९० च्या दशकातली रीत. बारीक कुंचला घेऊन एकेक फ्रेम रंगवायची. फ्रेम जेमतेम २४ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच. ब्रश केसभर सरकला तरी पडद्यावर रंगाचा ठिपका थरथरतो.

पॅरिसच्या एका कंपनीने १९०२ ते १९०५ दरम्यान ख्रिस्तचरित्राची दृश्ये टप्प्याटप्प्याने काढली आणि १९०७ मध्ये सारे नव्याने चित्रित केले. जुनी दृश्ये सुटी विकली जात, साधी किंवा रंगीत. त्यामुळे ‘मूळ रंगीत प्रत कोणती?’ हा प्रश्नच फसवा आहे.

या पटांतला रंग बहुतांशी स्टेन्सिलचा. पोत्यावर नाव मारायला कापलेला पत्रा वापरतात, तत्त्व तेच. प्रत्येक रंगासाठी एक जादा प्रिंट घ्यायची आणि तिच्या प्रत्येक फ्रेममधून तेवढाच भाग कापून काढायचा. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या दृश्याच्या ९६०, आणि तीन रंगांसाठी २,८८० फ्रेम कापाव्या लागतात. हे काम स्त्रिया करत. आधी हातातल्या पात्याने आणि पुढे यंत्राने : मोठ्या केलेल्या चित्राच्या कडेवरून टोक फिरवायचे, की पँटोग्राफला (आकार लहान-मोठा करून उतरवणाऱ्या सांध्यांच्या दांड्यांना) जोडलेली सुई फिल्मवर तोच आकार लहान करून कापते. मग कापलेल्या फिल्मवरचा, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर धुऊन काढायचा, ती प्रिंटवर दातेरी चाकाने जुळवायची आणि रंगात भिजलेला मखमली पट्टा वरून फिरवायचा. दुसऱ्या रंगाला पुन्हा पहिल्यापासून सगळे.

बिघाड ठरलेले. फिल्म आकसली की कडेची छिद्रे जुळत नाहीत आणि निळा झगा खांद्यावरून सरकतो. पट्ट्यावर रंग जास्त झाला तर तो कडेखाली झिरपतो. प्रभावळीचे कडे सलग कापले तर मधला तुकडाच गळून पडतो. मध्ये पूल, म्हणजे न कापलेल्या बारीक पट्ट्या, सोडाव्या लागतात, नाहीतर दोन स्टेन्सिल. शिवाय रंग पारदर्शक, काळ्यावर तो दिसतच नाही. त्या काळच्या फिल्मवर लाल कापड जवळजवळ काळे उमटे. म्हणजे पडद्यावर लाल दिसायचा झगा चित्रीकरणात फिकट असावा लागे.

उरलेले दोन प्रकार म्हणजे टिंट आणि टोन. टिंटमध्ये सबंध फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवतात, ख्रिस्ताला अटक झाली त्या गेथशेमाने बागेतल्या रात्रीला निळ्या. टोनमध्ये फिल्मवरचे चित्र घडवणाऱ्या चांदीच्या जागी रंगीत संयुग येते. सावल्या रंगतात, उजळ भाग पांढरा राहतो. ओळखायला रिळाची कड पाहावी. छिद्रांभोवतीची पट्टीही रंगलेली असेल तर टिंट. पट्टी स्वच्छ आणि एका झग्यावरचा रंग धारदार कडेसह सबंध एकाच बाजूला सरकलेला असेल तर स्टेन्सिल.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या ख्रिस्तपटांनी काही प्रसंग दुरंगी पद्धतीने चित्रित केले. त्यात नारिंगी-लाल आणि निळसर-हिरवा एवढेच रंग होते. ख्रिस्ताची आई मरिया हिच्या झग्याचा शुद्ध निळा तिथे मिळणे शक्य नव्हते. स्टेन्सिलने तो वीस वर्षे आधी दिला होता. त्यातच दोन पातळ फिल्म पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या, प्रोजेक्टरच्या उष्णतेने त्या वाकत आणि चित्र अंधुक होई.

पुढे ज्वालाग्राही नायट्रेट रिळे वाचवताना अनेक संग्रहांनी त्यांच्या कृष्णधवल प्रती काढल्या. माझ्या मते मूकपटांच्या रंगाचे सर्वांत मोठे नुकसान या निर्णयाने केले. टिंट-टोनच्या नोंदी असतील तर ते रंग प्रिंटिंगच्या वेळी रंगीत प्रकाशाने परत देता येतात. स्टेन्सिलचा रंग मात्र फ्रेमच्या नेमक्या भागावर असतो. नायट्रेट प्रत गेली, तर तो कुठून कुठवर होता हे सांगणारे काही उरत नाही.