हीटर कमी तापतोय? एलिमेंट बदलण्याआधी दोन आकडे मोजा

आमच्याकडे दुरुस्तीला येणारे काही हीटर मुळात बिघडलेलेच नसतात. पाणी तापायला वेळ लागतो हे खरे असते, पण दोष सॉकेटच्या सैल स्क्रूत किंवा भिंतीतल्या वायरच्या जोडात असतो. अशा वेळी नवे एलिमेंट, म्हणजे हीटरमधली तापणारी कॉइल, बसवून पैसे वाया जातात, आणि खरा धोका तिथेच राहतो. म्हणून हे पत्रक.

हीटर चालू असताना त्याला किती व्होल्टेज मिळते आणि तो किती करंट घेतो, एवढेच कळले तर बाकी हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचा आहे. व्होल्टेजला करंटने भागले की रोध, म्हणजे रेझिस्टन्स, ओहममध्ये मिळतो. ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला हा नियम. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे पॉवर.

समजा लेबलवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापले आहे. २००० ला २३० ने भागा: ८.७ अँपिअर. हा त्याचा ठरलेला करंट. रोध काढायला २३० चा वर्ग करून २००० ने भागा: २६.४५ ओहम. हा आकडा लेबलच्या शेजारी लिहूनच ठेवा. व्होल्टेज वर-खाली झाले तरी एलिमेंटचा रोध जवळपास तोच राहतो, त्यामुळे त्याची प्रकृती ओळखण्याची ही सगळ्यात भरवशाची खूण.

आता प्रत्यक्ष मोजमाप. हीटर बंद असताना सॉकेटवर २२८ व्होल्ट दिसले. चालू केल्यावर तिथेच २०५ व्होल्ट आणि करंट ७.७५ अँपिअर. २०५ ला ७.७५ ने भागले तर पुन्हा २६.४५ ओहम! म्हणजे एलिमेंट ठणठणीत आहे. पण पॉवर झाली २०५ गुणिले ७.७५, म्हणजे सुमारे १५९० वॅट. लेबलवरच्या व्होल्टेजपेक्षा ११ टक्के कमी मिळाले, तर पॉवर मात्र जवळपास २१ टक्के कमी झाली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घटतो. सगळी उष्णता पाण्यालाच मिळते असे धरले, तर १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला २१ मिनिटांऐवजी साधारण २६ मिनिटे लागतील.

मग मधले २३ व्होल्ट कुठे गेले? वाटेतल्या वायरमध्ये आणि जोडांमध्ये. २३ गुणिले ७.७५ म्हणजे सुमारे १७८ वॅट उष्णता पाण्याबाहेर, नको तिथे तयार होते आहे. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न कथिल वितळवतो. यातली बरीचशी उष्णता एकाच सैल जोडात साठत असेल तर काय होईल, याचा विचार करा. सॉकेट पिवळा पडला असेल, प्लग हाताला गरम लागत असेल, तर हीटर लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा. मीटरच्या पेटीतही हीटर चालू केल्यावर व्होल्टेज तेवढेच घसरत असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. तिथे टिकून असेल तर घरातल्या वायरिंगचा.

याच्या उलट, व्होल्टेज पूर्ण २३० आणि करंट फक्त ४.३५ अँपिअर आला तर रोध ५२.९ ओहम, बरोबर दुप्पट. समांतर (पॅरलल) जोडलेल्या दोन सारख्या कॉइलपैकी एक तुटली की असेच होते. पाणी थंड असूनही व्होल्टेज आहे पण करंट शून्य, तर एलिमेंट, थर्मोस्टॅट किंवा आतली वायर तुटली आहे. असे असेल तर हीटर जरूर आमच्याकडे आणा.

मोजताना एक चूक नेहमी होते. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) प्लगच्या अख्ख्या केबलभोवती लावला तर करंट शून्याच्या आसपास दिसतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात. फेजची एकटीच वायर क्लॅम्पमध्ये हवी. आणि मल्टिमीटर करंटच्या रेंजवर ठेवून त्याच्या पिना सॉकेटमध्ये कधीही घालू नका. तो थेट शॉर्ट सर्किट होतो. चालू लाइनवरची मापे जाणकार वायरमननेच घ्यावीत.

ओहमच्या रेंजवर रोध मोजायचा तर प्लग काढून, हीटर थंड असताना. नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) एलिमेंटमध्ये थंड आणि तापलेल्या रोधात थोडाच फरक पडतो. जुन्या पिवळ्या बल्बला मात्र हा हिशेब लावू नका: पेटलेल्या ६० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम, आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पंखा, पंप यांनाही नाही. मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी वर-खाली होत नाहीत, म्हणजे पॉवर फॅक्टर आड येतो, म्हणून नुसत्या गुणाकारातून येणारा आकडा खऱ्या वॅटपेक्षा मोठा असतो.

या मापांवरून शॉकचा धोका कळत नाही. रोध अचूक असूनही एलिमेंटचे इन्सुलेशन खराब असू शकते. पाण्याला किंवा हीटरच्या बॉडीला हात लागल्यावर झिणझिण्या जाणवल्या तर आकड्यांची वाट न पाहता हीटर बंद ठेवा.

आमच्याकडे येताना चार गोष्टी लिहून आणा: लेबलवरचे व्होल्ट आणि वॅट, बंद असतानाचे व्होल्टेज, चालू असतानाचे व्होल्टेज, आणि त्याच वेळचा करंट. हिशेब आम्ही तुमच्यासमोर मांडू.