बंदुकीची दारू ते गाण्याची तबकडी : प्योन्कीचा प्रोनित कारखाना

पोलंडमधील रादोम शहराच्या पूर्वेला, कोझ्येनिचेच्या अरण्यात प्योन्की नावाचे एक गाव आहे. १९२०च्या दशकात नव्याने स्वतंत्र झालेल्या पोलंडने तेथे बंदुकीच्या दारूचा सरकारी कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती गेला आणि ज्यू कैद्यांना तेथे वेठीस धरून राबवले गेले. युद्धानंतर याच ठिकाणी प्लास्टिकचा कारखाना नावारूपाला आला आणि त्याच्या ‘प्रोनित’ या नावाने गाण्यांच्या तबकड्या पोलंडभर घरोघरी पोहोचल्या. बंदुकीची दारू आणि गाणे यांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही उद्योग एकमेकांच्या फार जवळचे आहेत.

त्यांना जोडणारा दुवा म्हणजे कापूस. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. त्यात नायट्रोजनचे प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या वर गेले, तर भडकन पेटणारा, धूरविरहित दारूसाठी लागणारा स्फोटक कापूस मिळतो. प्रमाण त्याहून थोडे कमी ठेवले, तर तोच पदार्थ द्रावकात विरघळून लॅकर (म्हणजे चकचकीत रोगण), सेल्युलॉइड हे जुने प्लास्टिक आणि कृत्रिम चामड्यावरचा लेप होतो. दारूच्या कारखान्याने शांततेच्या काळात प्लास्टिककडे वळणे हे त्यामुळे अगदी स्वाभाविक होते. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा प्रवासही १८०२ मध्ये दारूपासूनच सुरू झाला होता, आणि तिने १९७१ मध्ये कॉर्फाम हे बुटांसाठीचे कृत्रिम चामडे बनवणे थांबवल्यावर ते तंत्र पोलंडने विकत घेऊन प्योन्कीतच रुजवले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

तबकडी मात्र नायट्रोसेल्युलोजची नसते, ती व्हिनिल या प्लास्टिकची असते. तिच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून केलेल्या शेलॅकच्या असत, आणि ही लाख मुख्यतः भारतातून जगभर जाई. शेलॅकमध्ये दगडाची भुकटी मिसळावी लागे. तिच्या कणांवरून सुई घासत जाताना खरखर ऐकू येई, आणि एका बाजूवर जेमतेम चार मिनिटांचे गाणे मावे. व्हिनिल क्लोराइड आणि थोडे व्हिनिल ॲसिटेट यांचे रेणू एकाच साखळीत जोडून केलेल्या सहबहुवारिकात, म्हणजेच तबकडीच्या व्हिनिलमध्ये, अशी भुकटी लागत नाही. म्हणून गाणे साठवणारी खाच बारीक करता येते. १९४८ मध्ये आलेल्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटे मावतात ती याच कारणाने. तेवढ्या वेळात तबकडी सुमारे ६७० फेऱ्या घेते आणि सुई खाचेतून अर्ध्या किलोमीटरला थोडे कमी पडेल एवढे अंतर चालते. खाचेची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. तबकडी उजेडात तिरकी धरली, की मोठ्या आवाजाच्या जागी खाचांचा पोत वेगळा दिसतो, म्हणजे गाणे डोळ्यांनाही थोडेसे दिसते.

दाबयंत्रावरचे काम पाहण्यासारखे असते. काजळीने काळा केलेला, मऊ व गरम व्हिनिलचा सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा गोळा दोन निकेलच्या साच्यांच्या मध्ये ठेवतात. त्याच्या वर आणि खाली कागदी लेबल आधीच लावलेले असते, त्यामुळे ते डिंकाने चिकटवावे लागत नाही, दाबाखाली प्लास्टिकमध्येच रुतून बसते. साच्यांतून वाफ खेळते, शंभर टनांच्या आसपास दाब पडतो, गोळा पसरून साच्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला बिलगतो, लगेच वाफेच्या जागी थंड पाणी सोडतात, आणि अर्ध्या मिनिटात तबकडी बाहेर येते. कडेला निघालेला जादा भाग कापून पुन्हा वितळवता येतो. पण त्यात लेबलच्या कागदाचा कण जरी शिरला, तरी पुढच्या तबकडीत नेमक्या त्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो.

प्योन्कीत अशा तबकड्या सरकारी ‘पोल्स्कीए नाग्रान्या’ या प्रकाशनसंस्थेसाठीही दाबल्या जात. १९६६ मध्ये चेर्वोनो-चार्नी या वाद्यवृंदाची पहिली दीर्घ तबकडी प्रोनितच्या नावाने निघाली आणि पोलंडच्या तरुणांना आपल्या भाषेतला बीट संगीताचा नाद घरी आणता आला. नव्वदच्या दशकात कॅसेट व सीडी आल्या, सरकारी अर्थव्यवस्था मोडली आणि प्योन्कीतील दाबयंत्रे थांबली.

नायट्रोसेल्युलोज मात्र तबकडीच्या उद्योगातून अजून गेलेले नाही. निकेलचा साचा घडवण्याआधी मूळ खाच ज्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर कोरतात, तिच्यावरचा मऊ लेप नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचाच असतो. खाच कोरताना निघणारा केसासारखा धागा लगेच पेट घेऊ शकतो, म्हणून कोरणीजवळच नळी लावून तो सतत ओढून घेतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथला अशा चकत्यांचा कारखाना आगीत पूर्ण जळाला, आणि त्यानंतर जगभरच्या ध्वनिमुद्रकांना चकत्यांसाठी जपानमधल्या एका छोट्या कारखान्याकडे रांग लावावी लागली.