मूसच्या दातांचा खुळखुळाट

गाई-बैलांच्या जबड्यात समोरचे दात फक्त खाली असतात, आणि तेही आठच. बैलबाजारात दोनदाती, चारदाती, जुळलेला अशी वयाची पारख त्यांवरूनच होते. हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे मूस. त्याचाही हिशेब हाच: सहा पटाशीचे दात आणि पटाशीसारखेच दिसणारे दोन सुळे.

रशियात ओनेगा सरोवरातल्या युझ्नी ओलेनी ओस्त्रोव या बेटावर सुमारे 8,200 वर्षांपूर्वीचं दफनस्थळ आहे. 1930च्या दशकात तिथे 177 कबरी उकरल्या गेल्या, आणि त्यांतून मूसचे 4,000हून जास्त दात निघाले, सगळे दागिन्यांचे. सर्वांत मोठ्या दागिन्यांना किमान 8 ते 18 मूस लागले असणार. बाण-भाल्यानं एवढं धूड पाडणं काही रोजचं काम नव्हे. तरुण स्त्री-पुरुषांच्या कबरींत हे दात सर्वाधिक, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांच्या कबरींत सर्वांत कमी.

दाताला भोक पाडून दोरा ओवला असेल, असं आपण सहज धरून चालतो. इथे जवळजवळ कुणीच भोक पाडलेलं नाही. मुळाच्या टोकाशी बारीक खाचा पाडायच्या आणि त्यांत दोरा आवळायचा, बस्स. भोक पाडण्यापेक्षा हे काम झटपट होतं. भोक असलेले दात दोनच मिळाले, आणि तेही एकाच स्त्रीच्या कबरीत. शेजारशेजारच्या कबरींत खाचांची पद्धतही बहुधा सारखीच दिसते. दात कपड्यांवर ओळीनं लावलेले असावेत.

पण ते नुसते मिरवायला होते का? हेलसिंकी विद्यापीठाच्या क्रिस्तिना मानेर्मा यांच्या गटानं मूसच्या दातांचे तसेच दागिने बनवले आणि ते घालून एक कलावंत सलग सहा तास नाचला. दात एकमेकांवर आपटून खुळखुळत होते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर जे ओरखडे आणि टवके दिसले, ते कबरीतल्या दातांवरच्या खुणांशी जुळले. जुन्या दातांवर त्या जास्त खोल होत्या; वर्षानुवर्षं वापरल्यावर तसंच व्हायचं. नुसत्या अंगावर वागवलेल्या दातांवर मात्र अशा खुणा नव्हत्या.

मला हा पुरावा पटतो, पण पुरता नाही. आपटलेले दात 'आम्ही आपटलो' एवढंच सांगतात. तो नाच होता, की बर्फातून केलेली धावाधाव, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी धावाधावीत असा खुळखुळाट शिकाऱ्याला परवडणारा नाही. सावज दूरवरूनच बिचकलं असतं.